ऋणको इंग्लंडमध्ये, घर राजारामपुरीत : नादारीचा अर्ज कोणत्या न्यायालयात?

प्रश्न विचारणारे गृहस्थ इचलकरंजीचे सूत व्यापारी आहेत. कोल्हापुरातील एका कापड व्यापाऱ्याकडे त्यांची २७ लाख रुपयांची बाकी थकली. इचलकरंजीच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयातून त्यांनी हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश, मिळवला आणि त्यावर अपील झाले नाही. मात्र वसूल काहीच झाले नाही. ऋणको, म्हणजे हा देणेकरी, चौदा महिन्यांपूर्वी इंग्लंडमध्ये मुलाकडे गेला आणि तिथेच राहिला आहे. त्याची पत्नी आणि आई राजारामपुरीतील घरात राहतात. शाहूपुरीतील गाळ्याचे शटर खाली आहे, निपाणीजवळ एक गोदाम आहे आणि कागल तालुक्यात वडिलोपार्जित शेतीत हिस्सा आहे. परदेशी जाण्याच्या पाच महिने आधी त्याने राजारामपुरीचे घर मेहुण्याला बक्षीसपत्राने दिले, ही गोष्ट त्यांनी अगदी शेवटच्या ओळीत, ओघात सांगितली आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत. त्याला नादार, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ, ठरवण्याचा अर्ज कोल्हापुरात चालेल की इंग्लंडला जावे लागेल? त्याने तिकडेच दिवाळे काढले तर आपली बाकी बुडाली का? आणि त्याच्या भावाने तडजोडीचा निरोप पाठवला आहे, तो घ्यावा का?

मी कोल्हापुरात बरीच वर्षे वसुली आणि नादारीची कामे पाहतो. या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. ‘कोणते न्यायालय?’ हा एकच प्रश्न वाटत असला तरी त्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. एखाद्या माणसाला नादार ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा पहिला. आणि त्याच्या मालमत्तेवर प्रत्यक्ष हात कोण टाकू शकतो, हा दुसरा. माणूस आणि मालमत्ता एकाच गावात असतात तेव्हा हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत. माणूस सीमेपलीकडे गेला की ते वेगळे होतात. आपल्या प्रकरणात माणूस इंग्लंडमध्ये आहे आणि मालमत्ता सगळी भारतात आहे. त्यामुळे माझा कल कोल्हापूरकडे आहे. पण तो कल दोन-तीन कागदांवर अवलंबून आहे आणि ते कागद मी पाहिलेले नाहीत.

आधी कायदा कोणता, ते ठरवू. कारण इथे आमच्या व्यवसायातील लोकही चुकतात. २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली आणि जुने सगळे कायदे गेले, असा सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात त्या संहितेचा व्यक्तींसंबंधीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त एका गटाला लागू झाला आहे, तो म्हणजे कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकीच्या व्यक्तींसाठी आणि भागीदारी पेढ्यांसाठी मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत १९०९ चा कायदा, तर उरलेल्या मुलखात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा अजून जिवंत आहे. आपला ऋणको स्वतःच्या नावाने धंदा करणारा व्यापारी असल्याने त्याला १९२० चा कायदा लागू होतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, होतो. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याचे कारण नाही. मात्र एक चौकशी अवश्य करा. त्याने एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या बँक कर्जाला जामीन राहून सही केली असेल, तर बँक त्याच्याविरुद्ध नव्या संहितेखाली अर्ज करू शकते आणि तसा अर्ज दाखल होताच त्याच्या सर्व कर्जांसंबंधीच्या कारवाया आपोआप थांबतात, त्यात आपली दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई, हीही आली. एका बँकेच्या अर्जामुळे दरखास्त अडकलेले अशील मी पाहिले आहेत. त्यांना तो अर्ज दाखल झाल्याचे सहा महिने कळलेही नव्हते.

आता अधिकारक्षेत्र. १९२० च्या कायद्याचे कलम ११ म्हणते की ऋणको ज्या हद्दीत सामान्यतः राहतो, किंवा धंदा करतो, किंवा पोटासाठी स्वतः काम करतो, त्या हद्दीतील न्यायालयात अर्ज करावा. अटकेत असेल तर जिथे अटकेत आहे तिथे. या वाक्यातील क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘राहतो’, ‘करतो’. कायदा वर्तमानकाळात बोलतो आहे. मुंबईसाठी असलेला १९०९ चा कायदा मात्र मागे वळून पाहतो: अर्जाच्या आधीच्या एका वर्षात ऋणको तिथे सामान्यतः राहत होता का, त्याचे राहते घर तिथे होते का, किंवा त्याने स्वतः वा मुनीम-गुमास्त्यामार्फत तिथे धंदा केला का, एवढे दाखवले तरी पुरते. इंग्लंडचा १९८६ चा कायदा आणखी मागे जातो. त्यात आधीच्या तीन वर्षांत केव्हाही तिथे वास्तव्य, राहण्याची जागा किंवा धंदा असला तरी न्यायालयाला अधिकार पोचतो. म्हणजे मुंबईत राहणारा ऋणको परदेशी गेला तर धनकोला, म्हणजे येणेकऱ्याला, निदान एक वर्षाची सवलत आहे. कोल्हापुरातला गेला तर ती अक्षरशः नाही. ही विसंगती मला नेहमी खटकत आली आहे, परंतु कायदा आहे तो असा आहे आणि आपल्याला त्यातूनच वाट काढायची आहे.

वाट ‘सामान्यतः’ या शब्दातून निघते. सामान्यतः राहणे म्हणजे अर्जाच्या दिवशी शरीराने हजर असणे नव्हे. माणूस गेला तो परत येण्याच्या इराद्याने की बिऱ्हाड मोडून, हे पुराव्याने ठरते आणि प्रत्येक प्रकरणात निराळे ठरते. पत्नी आणि आई राजारामपुरीतच राहतात, हा आपल्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. याखेरीज वीजबिल कोणाच्या नावे आहे, मतदार यादीत त्याचे नाव आहे का, बँक खाते चालू आहे का आणि त्यात व्यवहार कोण करतो, इंग्लंडमधील त्याचा व्हिसा पर्यटकाचा आहे की कायम वास्तव्याचा, मधल्या काळात तो एकदा तरी गणपतीला किंवा लग्नकार्याला येऊन गेला का, हे सगळे गोळा करा. आयकराच्या दृष्टीने तो अनिवासी ठरला असेल तर समोरचे वकील तेच आकडे पुढे करतील. पण दिवस मोजून ठरणारी करपात्रता आणि नादारी कायद्यातील वास्तव्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी वाट धंद्याची आहे आणि आपल्या प्रकरणात मला ती जास्त भक्कम वाटते. शटर खाली ओढले म्हणजे धंदा संपला, असे समीकरण नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५० साली थिओफिल खटल्यात असे धरले की धंद्याची देणी फिटेपर्यंत नादारीच्या कायद्यापुरता तो माणूस धंदा करतोच आहे. हा निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून वजनदार आहे. त्याच्या जोडीला प्रत्यक्ष पुरावा हवा. गाळ्याचा भाडेकरार चालू आहे का? जीएसटी नोंदणी रद्द केली की विवरणपत्रे अजून भरली जात आहेत? त्याच्या वतीने कोणी जुनी उधारी गोळा करतो का? निपाणीच्या गोदामातून माल हलला का? भाऊ जर त्याच्या कुलमुखत्यारपत्रावर पैसे घेत असेल, तर ‘धंदा इथेच चालू आहे’ हे सांगायला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगणे उपयोगी ठरेल. अनेक वर्षांपूर्वी हुपरीच्या एका चांदी कारागिराच्या वतीने मी कोल्हापुरात अर्ज केला होता. ऋणकोचे घर कोल्हापुरात होते, एवढ्यावर मी निर्धास्त राहिलो. प्रत्यक्षात त्याने वर्षभर आधीच कुटुंबासह बेळगावला बिऱ्हाड हलवले होते, दुकानही तिथेच थाटले होते आणि कोल्हापूरच्या घरात भाडेकरू राहत होते. नुसते घर असणे म्हणजे राहणे नव्हे, हा धडा मला त्या अर्जाने शिकवला. अर्ज योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळाला, तोवर ज्या कृत्यावर तो आधारलेला होता त्याची मुदत निघून गेली होती आणि बेळगावला नव्याने सुरुवात करायला हातात काही उरले नव्हते.

कलम ११ लाच एक परंतुक जोडलेले आहे, ते ध्यानात ठेवा. अधिकारक्षेत्राचा आक्षेप ऋणकोने मूळ न्यायालयात अगदी सुरुवातीला घेतला नाही, तर पुढे अपिलात तो ऐकला जात नाही. घेतला असला तरी त्यामुळे न्यायाची हानी झाली हे दाखवावे लागते. म्हणून वास्तव्याचा आणि धंद्याचा पुरावा अर्जासोबतच द्या, नंतर देऊ म्हणू नका. जिल्हा न्यायालयाच्या निर्णयावरचे अपील ९० दिवसांत उच्च न्यायालयाकडे जाते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागल्याने त्यासाठी आता मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत, ही आपल्या सहा जिल्ह्यांची मोठी सोय झाली आहे.

अधिकारक्षेत्र जुळले तरी धनकोला अर्जासाठी ‘नादारीचे कृत्य’ दाखवावे लागते आणि ते अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत घडलेले असावे लागते. ५०० रुपयांचे कर्ज पुरते, ही १९२० सालची अट आज हास्यास्पद वाटते. तीन महिन्यांची अट मात्र आजही माणसाला रडवते. धनकोंना चुकवण्याच्या हेतूने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे हे असे कृत्य आहे, पण आपले बक्षीसपत्र एकोणीस महिन्यांपूर्वीचे आहे, म्हणजे अर्जाचा पाया म्हणून ते शिळे झाले. धनकोंना चुकवण्यासाठी देशाबाहेर जाणे हेही कृत्य आहे आणि तेही चौदा महिने जुने आहे. परंतु कायद्याचे शब्द ‘बाहेर जातो किंवा बाहेर राहतो’ असे आहेत. बाहेर राहणे रोज घडते आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करतो. अडचण हेतूची आहे. ‘मुलाकडे नातवंडे सांभाळायला गेलो’ असे उत्तर येणार, हे गृहीत धरून चाला. त्यावर बक्षीसपत्राची तारीख, आपल्या दाव्याची तारीख आणि विमानाची तारीख शेजारी शेजारी ठेवली की हेतू आपोआप बोलू लागतो.

याहून स्वच्छ मार्ग १९७८ च्या दुरुस्तीने दिला आहे, तो नादारीच्या नोटिशीचा. अंतिम झालेला आणि स्थगिती नसलेला पैशाचा हुकूमनामा हातात असेल, तर धनको ऋणकोवर अशी नोटीस बजावू शकतो. तिच्या मुदतीत पैसे दिले नाहीत किंवा तारण दिले नाही, तर तेच नवे नादारीचे कृत्य होते आणि तीन महिन्यांचे घड्याळ नव्याने सुरू होते. भारतात ही मुदत किमान एक महिन्याची असते. ऋणको भारताबाहेर असेल तर बजावणीसाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि मुदतही न्यायालय ठरवते, अर्थात एक महिन्यापेक्षा कमी नाही. कायद्याने परदेशी बसलेल्या ऋणकोचा विचार आधीच केलेला आहे, हे यावरून दिसते. आपल्याकडे हुकूमनामा असल्याने हा मार्ग मोकळा आहे. ज्यांच्याकडे फक्त लवादाचा निवाडा आहे त्यांच्यासाठी तो नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पथेजा प्रकरणात निवाडा म्हणजे हुकूमनामा नव्हे असे स्पष्ट केले आहे. इंग्लंडमधील बजावणी, परदेशात न्यायालयीन कागद पोचवण्यासाठी असलेल्या हेग करारानुसार, केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत होते. भारतात हा करार १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. कागद तिकडे पोचून बजावणीचा दाखला परत यायला महिने जातात, हे मनाशी धरून हिशेब करा.

हिशेब एवढ्यासाठी, की आपण ओघात लिहिलेली शेवटची ओळ माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची आहे. १९२० च्या कायद्याच्या कलम ५३ नुसार, मोबदला न घेता केलेले हस्तांतर रिसीव्हरला, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीला, न्यायालयाकडून रद्द करून घेता येते, पण हस्तांतराच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज दाखल झालेला असला तरच. एकोणीस महिने गेले, पाच राहिले. मेहुण्याला दिलेल्या बक्षिसात मोबदला नाही, आणि घर देऊनही घरची माणसे त्याच घरात राहतात, यावरून व्यवहाराचे स्वरूप कोणालाही समजेल. नोटीस इंग्लंडला पाठवून तिची वाट पाहत बसलो तर हे पाच महिने सहज संपतील. म्हणून मी आपल्या जागी असतो तर नोटिशीच्या परवानगीचा अर्ज लगेच दिला असता. चौथ्या महिन्यापर्यंत बजावणी होऊन मुदत संपली नाही, तर ‘बाहेर राहतो’ या कारणावर नादारीचा अर्ज दाखल करून दोन वर्षांची तारीख सांभाळली असती. ती तारीख हुकलीच तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली स्वतंत्र दावा करता येतो. त्याला ही दोन वर्षांची अट नाही, मात्र तो सर्व धनकोंच्या वतीने करावा लागतो आणि तो चालण्यास लागणारा काळ मी आपल्याला वेगळा सांगायला नको.

इथे थोडे थांबून उलट बाजूही सांगतो, कारण रागाच्या भरात नादारीचा अर्ज करणारे धनको पुढे हळहळतात. ऋणको नादार ठरला की त्याची मालमत्ता रिसीव्हरकडे जाते आणि तिची वाटणी सर्व धनकोंत प्रमाणशीर होते. हुकूमनामा मिळवण्यासाठी आपण घालवलेली वर्षे त्या वाटणीत मोजली जात नाहीत. आपण दरखास्तीत जप्ती आणलेली असली तरी, नादारीचा अर्ज दाखल करून घेण्याच्या तारखेपूर्वी जी रक्कम प्रत्यक्ष वसूल झाली तेवढ्याचाच लाभ आपला. पुढची रक्कम सामाईक. गहाणखत असलेली बँक मात्र या सगळ्याबाहेर उभी राहून आपले तारण विकू शकते. त्यामुळे निपाणीचे गोदाम निर्वेध, म्हणजे कोणताही बोजा नसलेले, असेल आणि त्याची किंमत आपल्या रकमेच्या जवळपास असेल, तर नादारीच्या वाटेला न जाता आधी त्यावर दरखास्त चालवणे शहाणपणाचे आहे. बाकी धनको किती आहेत, त्यांची रक्कम किती आहे, हे कळल्याशिवाय दोहोंपैकी एक निवडू नका. मला स्वतःला बक्षीसपत्र मोडण्याची गरज असेल तरच नादारीचा मार्ग पसंत पडतो.

गोदाम कर्नाटकात आहे, याची चिंता करू नका. दरखास्तीसाठी इचलकरंजीचे न्यायालय आपला हुकूमनामा त्या हद्दीतील न्यायालयाकडे वर्ग करते. नादारीच्या कामात तर कलम ७७ ने देशातील सर्व नादारी न्यायालयांना एकमेकांचे सहायक केले आहे. कोल्हापूरच्या न्यायालयाने विनंती केली की बेळगावचे न्यायालय स्वतःचेच काम असल्यासारखे ते करते. दोन ठिकाणी नादारीचे आदेश झाले तर जिथे मालमत्तेची वाटणी अधिक सोयीची तिथे काम ठेवून दुसरीकडचा आदेश रद्द किंवा स्थगित करण्याची तरतूदही आहे. पूर्वी हे इतके सोपे नव्हते. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत बेळगावच्या न्यायालयाच्या दृष्टीने कोल्हापूरचे न्यायालय हे परकीय न्यायालय होते. बेळगाव ब्रिटिश मुलखात आणि त्याला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात. आज आपण इंग्लंडबद्दल जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना बैलगाडीच्या अंतरावरच्या गावाबद्दल पडत असत.

आता दुसरा प्रश्न: त्याने इंग्लंडमध्ये दिवाळे काढले तर? तो तिथे राहतो आहे, त्यामुळे तिथला अर्ज त्याला सहज करता येईल आणि सर्वसाधारणपणे एका वर्षात तो तिथे कर्जमुक्त होतो. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे त्याची जगभरची मालमत्ता तिथल्या विश्वस्ताकडे जाते. पण इंग्लंडच्या आदेशाने कोल्हापूरच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरील नाव बदलत नाही. स्थावर मालमत्तेचा अधिकार ती जिथे आहे तिथल्या कायद्याने ठरतो, हे तत्त्व जुने आणि सर्वमान्य आहे. विश्वस्ताला राजारामपुरीच्या घरापर्यंत यायचे असेल तर एक तर ऋणकोकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यावे लागेल, नाही तर आपल्याच न्यायालयात यावे लागेल. जंगम मालमत्तेबाबत परदेशी आदेशाला अधिक मान मिळतो; म्हणून त्याच्या इथल्या बँक ठेवी असतील तर त्यांच्यावर आधी हालचाल करा.

आणि कर्ज? ते भारतात, भारतीय कायद्याखाली झाले आणि त्यावर भारतीय न्यायालयाचा हुकूमनामा आहे. परदेशी दिवाळखोरीने असे कर्ज आपोआप नाहीसे होत नाही, हा नियम विशेष म्हणजे खुद्द इंग्रजी न्यायालयांनीच १८९० साली गिब्ज खटल्यात घालून दिला. इंग्रजी कायद्याखालील कर्ज दुसऱ्या देशातील मुक्तीने मिटत नाही, असे ते म्हणतात. तेच माप आपण त्यांना लावायचे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. आपण स्वतः तिथे जाऊन दावेदार म्हणून नाव नोंदवले आणि वाटणीत भाग घेतला, तर आपण त्या कार्यवाहीला मान्यता दिली असे धरले जाते आणि नंतर ‘मुक्ती मला बांधत नाही’ म्हणणे कठीण होते. तिकडून एखादा छापील फॉर्म आला तर भरून पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. दहा टक्के मिळतील या आशेने सही करून घर हातचे घालवू नये.

आपण स्वतः इंग्लंडमध्ये जाऊन त्याचे दिवाळे काढू शकता का? कायद्याने शकता. तिथे धनकोच्या अर्जासाठी किमान ५,००० पौंडांचे कर्ज लागते आणि आपले त्याहून पुष्कळ जास्त आहे. भारतातील हुकूमनामे तिथे १९३३ च्या कायद्याने नोंदवता येतात. नोंदणी निकालापासून सहा वर्षांत करावी लागते, आणि जिल्हा न्यायालयापेक्षा खालचे न्यायालय असेल तर त्याच्या अधिकाराला रकमेची मर्यादा नाही असे दाखवणारी मोहोर हुकूमनाम्यावर लागते. वरिष्ठ स्तर न्यायालयाला आपल्याकडे अशी मर्यादा नाही, म्हणून ती मोहोर आताच घेऊन ठेवा. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात बँकांनी हाच रस्ता धरला: बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा जानेवारी २०१७ चा निकाल इंग्लंडमध्ये नोंदवला गेला आणि २६ जुलै २०२१ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांना दिवाळखोर जाहीर केले. पण तिथे धनको स्टेट बँकेसारख्या बँका होत्या आणि रक्कम हजारो कोटींची होती. २७ लाखांसाठी, आणि तिकडे त्याची मालमत्ता असल्याचा काही पुरावा नसताना, तिथल्या वकिलांची बिले भरण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याचे तिथे घर किंवा दुकान निघाले तर हे मत बदलेन.

दोन देशांत मिळून एकच कार्यवाही का होत नाही, असाही प्रश्न आपल्या मनात येईल. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९७ साली त्यासाठी आदर्श कायदा केला. त्यात ऋणकोच्या हितसंबंधांचे मुख्य केंद्र जिथे आहे तिथली कार्यवाही मुख्य मानतात आणि व्यक्तीच्या बाबतीत ते केंद्र म्हणजे तिचे नेहमीचे वास्तव्य असे प्रथमदर्शनी धरतात. ब्रिटनने तो २००६ मध्ये स्वीकारला. भारतात त्याच्या स्वीकाराची शिफारस २०१८ मध्ये झाली. आपल्या संहितेत परदेशांशी करार करण्याची कलमे २३४ आणि २३५ आहेत, पण ती १९२० च्या कायद्याखालील आपल्या ऋणकोच्या उपयोगाची नाहीत. जेट एअरवेजच्या प्रकरणात २०१९ साली भारतीय आणि डच कार्यवाहीचा मेळ अपिलीय न्यायाधिकरणाने दोन्ही बाजूंच्या समझोत्याने घातला, तोही कंपनीच्या बाबतीत. सूत व्यापाऱ्याच्या उधारीपर्यंत ही व्यवस्था पोचायला अवकाश आहे.

राहिला तडजोडीचा निरोप. तो जरूर ऐका, परंतु दोन काळज्या घ्या. बाहेर घेतलेली रक्कम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम २ प्रमाणे न्यायालयात नोंदवा, म्हणजे पुढे हिशेबाचा वाद राहणार नाही. दुसरी काळजी अशी की इतर धनकोंना डावलून आपल्याला झुकते माप देण्याच्या हेतूने त्याने पैसे दिले आणि तीन महिन्यांच्या आत दुसऱ्या कोणी नादारीचा अर्ज केला, तर कलम ५४ खाली रिसीव्हर ती रक्कम आपल्याकडून परत मागू शकतो. त्यामुळे मिळालेले पैसे तेवढे दिवस सुताच्या नव्या गाठींत गुंतवू नका. तडजोड भाऊ स्वतःच्या पैशातून करत असेल तर ही भीती उरत नाही, म्हणून धनादेश कोणाच्या खात्यावरचा आहे ते पाहा. बोलणी चालू असताना बक्षीसपत्राच्या दोन वर्षांचे घड्याळ थांबत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्राची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून या आठवड्यात काढून घ्या आणि त्यावरील तारीख मला कळवा. पाच महिने हा आपला अंदाज आहे, तिथे दिवस मोजावे लागतील.